कापसाचा दुश्मन

"कापूस हाय का तुमच्यापाशी?"

दिग्रसला भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, एकटी राहणार की कसं तेही नाही. दारात आडवे उभे राहून, माझ्या ट्रंकेकडे आणि गुंडाळलेल्या गादीकडे बघत त्यांनी हेच विचारलं.

मी सांगलीकडची. इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नुकती बदलून आले होते. वऱ्हाडी बोली कानाला नवी होती, त्यामुळे वाटलं की माझ्याच ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, "आहे की. गादीत आहे, पिशवीत आहे. नर्सच्या पिशवीत कापूस नसणार तर काय असणार?"

"मंग खोली नाय भेटत," ते म्हणाले आणि दार लावायला लागले.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अजी, दवाखाने की बाई हैं. रहने दो ना. रात-बेरात काम आएंगी."

यावर दारातच बोलणी झाली. गादी रेक्झिनच्या खोळीत शिवून घ्यायची. कापसाचा रोल घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा आणि डबा उघडायचा तो अंगणापलीकडे, लिंबाच्या झाडाखाली जाऊन. मी सगळं कबूल केलं, कारण ऊन फार होतं आणि दुसरी खोली नव्हती. पुढे मी त्या घरात राहिले तेवढी वर्षं कूस बदलली की रेक्झिन करकरायचं.

सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा, मीही म्हणू लागले. आणि गाव असा, की जिथे कापसावाचून दुसरं काही दिसायचं नाही. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या सुरू व्हायच्या. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यांच्या, धुराड्यांतून बारीक तंतू उडायचे आणि विजेच्या तारांवर, बाभळीच्या काट्यांवर, म्हशींच्या पाठीवर जाऊन बसायचे. चहाच्या कपात सापडायचे. अशा गावात, भर बाजाराच्या मागच्या गल्लीत, एक माणूस कापसाला घरात पाऊल ठेवू देत नव्हता.

याचं कारण होतं त्यांचा व्हिडिओ कॅमेरा.

चाचा लग्नाचं शूटिंग करायचे. खांद्यावर घ्यायचा तो मोठा कॅमेरा, आत अख्खी मोठी कॅसेट जाणारा. त्या कॅमेऱ्याचं झाकण काढलं की आत एक चकचकीत गोल ढोल दिसायचा, वाटीएवढा. त्याच्या कडेला डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक दाणे. चाचा त्यांना हेड म्हणायचे. कॅसेटची पट्टी त्या ढोलावरून घासत जाते, हेड तिच्यावर चित्र लिहितं आणि पुढे तेच हेड ते चित्र वाचतं. त्या दाण्यावर एक तंतू जरी अडकला तरी पडद्यावर मुंग्याच मुंग्या. नवरी नाही, नवरा नाही, नुसत्या मुंग्या.

"तेल चालते, धूळ चालते, एक वेळ माशी चालते," चाचा सांगायचे, "पर कापूस नाय. कापसाचा धागा हेडात फसला का हेडच उपटून नेते. मी काय येडा हाव का गावाशी भांडाले?"

गावाला ते वेडेच वाटायचे, आणि ते गावाशी भांडायचेही. गाद्या पिंजणारा गल्लीत आला की चाचा लुंगी खोचून धावत जायचे. तो बिचारा त्यांच्याच मोहल्ल्यातला, लांबून नातेवाईकही लागायचा. त्याच्या यंत्राचा घरघराट सुरू व्हायच्या आत चाचा त्याला गल्लीच्या टोकापर्यंत पोचवून यायचे, वर घरी आणून चहाही पाजायचे. पण चहाच्या आधी त्याला अंगणात उभं करून ओल्या फडक्याने नखशिखांत झटकायचे. स्वतः चाचा सुती कपडा कधी घालत नसत. बारा महिने टेरिलीनचा पांढरा झब्बा. मे महिन्यात त्यात ते भाजून निघायचे, पण कबूल करायचे नाहीत.

हेड साफ करायचा दिवस म्हणजे घरात संचारबंदी. सकाळी अंगणात, ओट्यावर, खोलीत पाणी शिंपडलं जायचं. खिडकीला ओली चादर. चाची कुकर लावायच्या नाहीत, कारण शिटीने हात हलतो. चाचा कोपरापर्यंत हात धुवायचे, नखं बघायचे आणि मग आपल्या दाढीला ओला रुमाल बांधायचे, दातदुखीचा पेशंट बांधतो तसा. दाढीतून काय पडेल याचा भरोसा नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा तो अवतार बघून मला हसू आवरेना, तर चाचींनी मला हाताला धरून बाहेर नेलं आणि बाहेर आल्यावर त्या माझ्याहून जास्त हसल्या.

पुढे मला आत बसायची परवानगी मिळाली. नर्सच्या हाताला स्वच्छता कळते, असा त्यांनी माझ्याबद्दल ग्रह करून घेतला होता. काडीच्या टोकाला मऊ कातड्याची पट्टी. ती स्पिरिटमध्ये बुडवायची आणि ढोलाला नुसती टेकवून धरायची. काडी हलवायची नाही. दुसऱ्या हाताच्या बोटाने ढोल वरून हळूहळू फिरवायचा.

"काडी वरखाली केली का हेड तुटलं," ते रुमालातून पुटपुटायचे. "आपण हलाचं नाय सिस्टर. त्याले फिरू द्याचं."

मी एकदा प्रेमाने दवाखान्यातल्या स्पिरिटची बाटली पुढे केली, तर त्यांनी बाटलीचा वास घेतला आणि मी जणू विष आणलं आहे अशा नजरेनं बघितलं. "यात पानी हाय. हे माणसाले चालते. माणूस काय, वाळून जाते." त्यांचं स्पिरिट नागपुरातून यायचं. ते आणायला ते स्वतः एसटीने जायचे आणि बाटली मांडीवर घेऊन, खिडकीची जागा सोडून, मधल्या सीटवर बसून यायचे.

हे सगळं घरापुरतं असतं तर गावाने कौतुक केलं असतं. पण चाचा लग्नाच्या मांडवातही हेड साफ करायचे.

अशा एका लग्नात मी होते. आमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या मुलीचं लग्न, म्हणून मला आमंत्रण. मांडवाबाहेर दोन पावलांवर कापसाची गंजी. अंतरपाट धरलेला, लोकांच्या मुठीत अक्षता, भटजींनी पहिला सूर लावलेला आणि चाचांनी हात वर केला. "थांबा. हेड!"

भटजी थांबले. त्यांना वाटलं कुणाचं डोकं फुटलं.

मुलीचा बाप लाल झाला. "चाचा, मुहूर्त टळून राह्यला! कायचं हेड घेऊन बसले तुम्ही?"

"मुहूर्त एका घडीचा हाय भाऊ. कॅसेट पोरगी जलमभर पाहीन. मुंग्या पाहीन का ती?" असं म्हणत चाचा खाली बसलेसुद्धा. दाढीला रुमाल बांधून, वर छत्री उघडून, तिथेच मांडवाच्या कडेला.

आरडाओरडा सुरू झाला. कुणी म्हणालं कॅमेरा उचलून फेका. तेवढ्यात अंतरपाटाच्या मागून नवरीचा आवाज आला, अगदी स्पष्ट, "बाबा, होऊ द्या साफ. मी उभी हाव ना."

नवरीच उभी राहायला तयार म्हटल्यावर बोलणार कोण? भटजींनी पाट मागवला आणि तेही बसले. मंगलाष्टकं थोडी उशिरा झाली. भटजी नंतर हळूच चाचांना विचारत होते, आपला चेहरा नीट आला ना म्हणून.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात असायचं, आणि ते चांगल्या कारणासाठी नसायचं. कापसाला भाव नव्हता, बोंडांत अळी होती, दवाखान्यात कोणत्या पेशंटला कशासाठी आणलं जायचं ते मी इथे लिहीत नाही. बाहेरगावाहून गाड्या भरून लोक यायचे, मोठमोठे कॅमेरे घेऊन. असेच काही जण एकदा चाचांच्या घरी आले. त्यांना वाट दाखवणारा, बोली जाणणारा शूटिंगवाला माणूस हवा होता. कोणत्या खेड्यात कुठलं घर, तिथे कोण बाई रडेल, हे त्याने त्यांना सांगायचं होतं.

चाचांनी त्यांना बसवलं, चहा दिला, त्यांचा कॅमेरा हातात घेऊन मन भरून पाहिला. आणि मग म्हणाले, "मी हसणारे लोक काढतो साहेब. जेवणारे काढतो, नाचणारे काढतो. रडणारे काढाले तुम्ही हायच."

पाहुणे गेल्यावर चाचा ओट्यावर येऊन बसले. मी दवाखान्यातून आले तेव्हा मला म्हणाले, "सिस्टर, चित्र खराब झालं तं माणूस खराब दिसते. अन् माणूस खराब नसते. हेड खराब असते." मग म्हणाले, "आपला जिल्हा तसाच दाखवून राह्यले हे लोक. मुंग्या मुंग्या."

पुढे बारक्या कार्डाचे कॅमेरे आले. हातात मावणारे, कॅसेट नाही, ढोल नाही, हेड नाही. गावाला वाटलं आता चाचा मोडून पडतील. चाचांनी तसा कॅमेरा मागवला, उलटासुलटा करून पाहिला आणि काचेवर फुंकर मारून म्हणाले, "हाय. पुसाले काच तं हाय." त्यानंतर ते काच पुसण्यासाठी लग्नं थांबवू लागले. पण ते फार नंतरचं. मला सांगायचं आहे ते हेडच्या जमान्यातलं, कबड्डीच्या फायनलचं.

हिवाळ्यात एका तरुण मंडळाने मुलींच्या कबड्डीचे सामने भरवले होते. जागा कापूस बाजाराचं आवार. एरवी तिथे गाड्यांना उभं राहायला जागा नसायची, पण त्या वर्षी आवार निम्मं रिकामंच होतं, म्हणून तिथेच चुन्याच्या रेषा मारून मैदान आखलं. फायनलला पुसदच्या मुली आणि आमच्या दिग्रसच्या शाळेच्या मुली. जिंकणाऱ्या संघाला मंडळ पुढे नागपूरच्या स्पर्धेला नेणार होतं.

आमच्या संघात कविता नावाची मुलगी चढाईला जायची. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरची, बारीक चणीची, बोलणं कमी. माझ्याकडे गुडघे फोडून यायची म्हणून माझ्या ओळखीची. तिच्या घरात त्या आठवड्यात वाद चालू होता. मोठा भाऊ म्हणत होता, शेतात वेचणीला माणूस मिळत नाही आणि ही उड्या मारत फिरते. हरली तर खेळही बंद आणि शाळाही बंद. जिंकली तर पाहू. हे तिनेच मला सांगितलं होतं, गुडघ्याला पट्टी बांधून घेताना, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं.

चाचांना कुणीही शूटिंगला बोलावलं नव्हतं. ते आपणहून कॅमेरा घेऊन आले. मी प्रथमोपचाराच्या टेबलाशी बसले होते. त्यांना विचारलं, "चाचा, आज लग्न नाही?"

"हाय. पर तिथं माह्या पोराले पाठवलं, मित्राचा कॅमेरा देऊन," ते म्हणाले. "सिस्टर, औंदा मी या गावात कोणी जिंकलेलं पाह्यलंच नाय. मले पाहाचं हाय."

बाजूच्या जिनिंगमधून वारा थेट मैदानावर येत होता आणि वाऱ्यात तंतू. त्यामुळे सामना सुरू व्हायच्या वेळेला काय झालं असेल ते सांगायला नको. मैदानाच्या कडेला छत्री उघडली, दाढीला रुमाल चढला. माइकवरून मंडळाचा अध्यक्ष ओरडत होता, "चाचा, आटपा! पाहुणे खोळंबले!" चाचा मान वर करायला तयार नाहीत. हेड साफ झालं, वाळलं, कॅसेट आत गेली, मगच त्यांनी अंगठा वर केला. मग ते मध्यरेषेच्या बरोबर टोकाशी, पंचांच्या समोरच्या बाजूला, एक बाक ओढून त्यावर उभे राहिले. कारण विचारलं तर म्हणाले, रेघ सरळ दिसली पाहिजे, वाकडी रेघ मनाला बरी वाटत नाही.

सामना फार अटीतटीचा झाला. मध्यंतरात चाचांनी कॅमेऱ्याच्या छोट्या भिंगातून आधीचं शूटिंग तपासलं आणि मला लांबूनच हात केला: चित्र स्वच्छ आहे. शेवटी शेवटी आमच्या मुली एका गुणाने मागे पडल्या आणि अखेरची चढाई कविताच्या वाट्याला आली.

ती आत गेली. कबड्डी कबड्डी म्हणत तिने डावीकडच्या मुलीच्या खांद्याला हात लावला, वळता वळता दुसरीला पाय. आणि तेवढ्यात तिसरीने तिचा घोटा धरला. मग सगळ्याच तिच्यावर पडल्या. त्या ढिगाऱ्यातून एक हात पुढे आला, रेषेकडे. शिटी वाजली.

पंच एक वयस्कर क्रीडाशिक्षक होते, शांत आणि सरळ माणूस. त्यांनी हात केला: चढाई बाद. पुसद विजयी.

आमचे लोक मैदानात घुसले. कविता उठून हात दाखवत होती. बोटांना चुना होता. पण चुना तिथे सगळ्यांच्याच हातापायांना होता. प्रश्न असा होता, की रेष शिटीच्या आधी शिवली की नंतर, आणि शिवेपर्यंत दम होता की तुटला. पंचांच्या बाजूने पुसदच्या मुलींच्या पाठी होत्या. ते म्हणाले, "मला हात पोचलेला दिसला नाही. जे दिसलं नाही ते मी देणार कसं?" त्यात खोटं काही नव्हतं. पण कॉलर धरायला हात पुढे येऊ लागले. पुसदहून आलेल्या माणसांनीही बाह्या सरसावल्या. मी टेबलावरची कात्री उचलून पिशवीत टाकली.

तेव्हा बाकावरून आवाज आला, माइकची गरज नसलेला आवाज. "सबन चूप बसा! माह्यापाशी हाय! आख्खी चढाई माह्यापाशी हाय!"

गर्दी वळली. पंच चाचांजवळ गेले. "दाखवता येईल?"

"आत्ता दाखवतो."

"दिसलं तर निकाल फिरवीन. नाही दिसलं तर कुणी एक शब्द बोलायचा नाही." हे त्यांनी दोन्ही गावांना ऐकवून सांगितलं, आणि दोन्ही गावांनी माना हलवल्या.

बाजाराच्या ऑफिसातून टीव्ही आला. वीज गेलेली होती, म्हणून माइकच्या जनरेटरवर जोडला. चाचांनी कॅसेट थोडी मागे नेली, कॅमेऱ्याच्या वायरी टीव्हीत खोचल्या आणि बटण दाबलं.

मुंग्या.

पडदाभर नुसत्या मुंग्या. पण आवाज मात्र येत होता. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." कविताचा आवाज, धापा, लोकांचा गलका आणि मग शिटी. डोळ्यांसमोर काही नाही आणि कानांत सगळं. दम तुटला नव्हता, हे सगळ्यांनी ऐकलं. पण हात कुठे होता?

पुसदकडचा कुणीतरी हसला. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "झालं चाचा. एवढी सफाई करून हेच का?" मी चाचांकडे पाहिलं. हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं ते म्हणाले, "सिस्टर, दोन गोष्टी होऊ शकते. वाचताना हेडात कापूस बसला असन, तं साफ केलं का दिसन. अन् लिहितानाच बसला असन, तं कॅसेट कोरी हाय. मंग काईच नाय."

"मध्यंतरात तर स्वच्छ होतं."

"मध्यंतरापत्तोर. त्याच्यानंतर हवा किती आली पाह्यलं ना?"

मग ते ताठ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हेड साफ करा लागते. वारा बंद करा."

वारा बंद करा! मोकळ्या मैदानात, जिनिंगच्या तोंडाशी. लोक एकमेकांकडे बघू लागले. छत्री मघाच्या रेटारेटीत मोडली होती. तेव्हा आधी कविता पुढे आली. ती चाचांच्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि तिने शेजारच्या मैत्रिणीचा हात धरला. आमच्या मुली आल्या. मग पुसदची कप्तान, जिने कविताचा घोटा धरला होता तीच मुलगी, तिच्या संघाला म्हणाली, "चाला बाई, आपणही उभ्या राहू. काय हाय ते दिसू तं द्या." दोन्ही संघांच्या मुली खांद्याला खांदा लावून, हातात हात गुंफून, चाचांभोवती कडं करून उभ्या राहिल्या. वेचणी सोडून सामना बघायला आलेल्या तांड्यावरच्या बायांनी वरून ओढण्या धरल्या. कविताची आई त्यात होती. चाचा ओढण्यांकडे बघून ओरडले, "सुती कोन्ती हाय? सुतीवाली बाहीर!" दोन ओढण्या बाहेर गेल्या. इतक्या ताणातही लोक हसले.

मीही कड्याच्या आत होते. रुमाल दाढीला बांधायला त्यांचे हात मोकळे नव्हते, म्हणून मी बांधला. काडी ढोलाला टेकली. ढोल फिरला. कातड्याच्या पट्टीवर एक काळी रेघ उमटली आणि त्या रेघेत अडकलेला एक तंतू, पापणीच्या केसासारखा. चाचांनी तो माझ्यासमोर धरला. "हा पाहा. हाच."

स्पिरिट वाळेपर्यंत थांबावं लागतं. ओलसर हेडावर कॅसेटची पट्टी चिकटते. तो वेळ काही केल्या सरेना. बाहेर जनरेटर धडधडत होता. कविताने मागे वळून एकदाही पाहिलं नाही.

कॅसेट आत गेली. चाचांनी ती पार सुरुवातीला नेली, तेव्हा आधी उद्घाटनाचा नारळ दिसला. स्वच्छ. मग पहिला डाव, स्वच्छ. लोकांनी श्वास सोडला, पण चाचांनी सोडला नाही. मध्यंतर गेलं. त्यांनी कॅसेट पुढे पळवली. शेवटच्या चढाईच्या जरा आधी पडद्याच्या वरच्या कडेला पांढरे दाणे पडू लागले. वाढत चालले. तंतू लिहितानाच येऊन बसायला लागला होता. कविता आत गेली, दाण्यांतून दिसत होती. डावीकडचा खांदा. वळली. दाणे पडद्याच्या निम्म्यावर आले. घोटा धरला गेला, ढिगारा पडला. पडद्याच्या वरच्या भागात आता फक्त मुंग्या होत्या, पण खालचा भाग अजून शाबूत होता. आणि मध्यरेष खालच्या भागात होती. सरळ, पांढरी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"कबड्डी कबड्डी कबड्डी," आवाज येत होता.

ढिगाऱ्यातून हात निघाला. बोटं लांबली. रेषेवर पडली आणि चुन्याचा एक छोटा ढग उठला. "कबड्डी," टीव्हीतली कविता म्हणाली, स्पष्ट, आणि मग शिटी वाजली.

त्याच्या पुढच्या क्षणाला सगळा पडदा मुंग्यांनी भरला.

पंच म्हणाले, "पुन्हा." चाचांनी पुन्हा दाखवलं. ढग, शब्द, शिटी. पंचांनी चष्मा काढला, पुसला, "अजून एकदा" म्हणाले. ढग, शब्द, शिटी. मग ते वळले आणि त्यांनी आमच्या बाजूला हात केला. त्याआधीच पुसदची कप्तान म्हणाली होती, "शिवली तिनं. मले वाटलंच होतं, पकड सुटली होती माही."

त्यानंतर जो आवाज झाला तसा मी त्या गावात पूर्वी कधी ऐकला नव्हता. जिनिंगमधले हमाल भिंतीवर चढले होते, ते भिंतीवरच नाचू लागले. तांड्यावरच्या बायांनी धरलेल्या ओढण्या हवेत उडवल्या. कुणीतरी ढोलकी आणली. पंचांना लोकांनी उचललं, मग चाचांना उचललं, दाढीचा रुमाल तसाच. कॅमेरा छातीशी धरून चाचा वरून ओरडत होते, "हळू! हळू रे बाप्पा! मी पडलो तं चालन!" पुसदच्या मुलीही हसत होत्या. कविताचा भाऊ गर्दीच्या कडेला उभा होता. तो आईला म्हणाला, "याडी, नागपूरले हिच्यासंगं कोण जाते?" आई इथल्या बायका बोलतात तसं म्हणाली, "मी जातो."

गर्दी जरा पांगल्यावर चाचा पुन्हा टीव्हीपाशी आले. लोक जायला तयार नव्हते. तीच चढाई पुन्हा पुन्हा मागत होते आणि दर वेळी, निकाल माहीत असूनही, हात रेषेवर पडला की नव्याने ओरडत होते. कविता तेव्हाच पहिल्यांदा पडद्यासमोर आली. इतका वेळ ती पाठ करूनच उभी होती. तिने स्वतःला याआधी कधी कुठे पाहिलं नव्हतं. घरात आरसा होता तो चेहऱ्यापुरता.

चढाई सुरू झाली. ती वाकून, तोंड किंचित उघडं ठेवून बघत राहिली. पडद्यावरची मुलगी ढिगाऱ्याखालून निघाली, लांबली, अजून लांबली, माणूस एवढा लांबू शकेल असं वाटणार नाही इतकी लांबली.

"चाचा," तिने विचारलं, "मी एवढी लांब जातो?"

चाचा दाढीचा रुमाल सोडत होते. ते म्हणाले, "जातेस. अन् अजून जाशील."